मंद आवाजात आठ महिने: आईच्या खोलीत टिकलेले आणि न टिकलेले अल्बम

मे महिन्याच्या शेवटी आईचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया होऊन ती गोव्यात साखळीच्या घरी आली आणि दोनच दिवसांत पाऊस लागला. पडवीवर पत्रे आहेत. त्या आवाजात तिला झोप लागेना आणि दुखण्यामुळे कूस बदलता येईना. आई विठ्ठलापूरच्या देवळात वर्षानुवर्षं भजनाला बसणारी. नाट्यगीत लावलं की ती डोळे मिटूनच पुढची ओळ म्हणायला लागायची आणि उरलीसुरली झोपही जायची. जवळ राहील पण अंगावर येणार नाही, असं काही रात्री लावायला हवं होतं.

प्रायोगिक आणि अ‍ॅम्बियंट (वातावरणासारखं मागे वाजत राहणारं) संगीत मी बरीच वर्षं ऐकते आहे. पण माझं ऐकणं म्हणजे हेडफोन लावून, दिवे घालवून, दोनदा ऐकून मत ठरवून मोकळं व्हायचं. जून ते फेब्रुवारी मी हेच अल्बम कपाटावरच्या दोन छोट्या स्पीकरवर, अगदी कमी आवाजात, पुन्हा पुन्हा लावले. त्यात माझी जुनी मतं बरीच बदलली.

सुरुवात ब्रिटिश संगीतकार ब्रायन इनोच्या १९७५ सालच्या ‘डिस्क्रीट म्युझिक’ने केली, कारण त्या अल्बमचा उगमच आजाऱ्याच्या खाटेवरचा. त्या वर्षाच्या सुरुवातीला इनोला गाडीची धडक बसली होती आणि तो अंथरुणाला खिळला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने अठराव्या शतकातल्या हार्प-संगीताची रेकॉर्ड आणली. ती गेल्यावर त्याने कसंबसं उठून रेकॉर्ड लावली. परत येऊन पडल्यावर कळलं, की आवाज फार कमी आहे आणि एका बाजूचा स्पीकर चालतच नाही. पुन्हा उठायची ताकद नव्हती. मग तो तसाच ऐकत राहिला. बाहेर पाऊस होता आणि हार्पचे फक्त मोठे सूर त्यातून वर येत होते. ही हकीकत मी कितीदा वाचली होती, पण तिचा अर्थ आईच्या उशाशी बसून कळला. पडून राहिलेल्या माणसाला संगीत समोर नको असतं, खोलीत असलं की पुरतं.

पहिली बाजू साधारण अर्ध्या तासाची आहे. सिंथेसायझरवरचे दोन लहान स्वरसमूह दोन टेप रेकॉर्डरमधून फिरत राहतात. पहिला टेप रेकॉर्डर ध्वनिमुद्रण करतो, दुसरा काही क्षणांनी तेच वाजवून पुन्हा पहिल्याकडे पाठवतो, आणि जुन्यावर नवं चढत जातं. पहिल्या रात्री आईने विचारलं, “कोण तंबोरा जुळवतोय? गाणं कधी सुरू होणार?”

तिचा प्रश्न रास्त होता. तिचं माहेर फोंड्याकडचं केरी, गायिका केसरबाई केरकरांचं गाव. तिच्या लहानपणी जे गाणं घरात वाजलं ते तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांचं. तेवढ्यात केसरबाई अख्खी भैरवी उभी करतात. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर त्यांची ‘जात कहाँ हो’ आहे, तीसुद्धा तेवढीच. अशा कानाला अर्धा तास दोनच स्वरसमूह म्हणजे थट्टाच वाटणार. मी बंद करायला उठले, तर म्हणाली, “राहू दे. बरें लागता.”

जुलैत फिजिओथेरपिस्टने पाय उचलायचा व्यायाम दिला. दहा आकडे मोजून पाय खाली. आकडे मोजताना तिला दुखणंच जास्त आठवे. एके दिवशी पाहिलं, तर ती मोजतच नव्हती. खालचा सूर आला की पाय वर, तो विरला की खाली. व्यायामाला तिने दुसरं काही लावू दिलं नाही. हा अल्बम मी आधी किती वर्षं बौद्धिक प्रयोग म्हणून ऐकला, याचं आता वाईट वाटतं. दुसऱ्या बाजूवर जर्मन संगीतकार पाखेल्बेलच्या ‘कॅनन’ या रचनेवरचे तीन प्रयोग आहेत. ते दिवसा छान, पण व्हायोलिनचे सूर तापतात तिथे झोपलेलं माणूस जागं होतं.

पावसाळ्यातलं दुसरं नाव जपानी संगीतकार हिरोशी योशिमुराचं ‘ग्रीन’. अल्बम १९८६ चा. जपानबाहेर फारसा कोणाला ठाऊक नव्हता, पुढे यूट्यूबच्या शिफारशींमधून जगभर पसरला आणि २०२० मध्ये पुन्हा निघाला. घेताना एक गोष्ट बघा. अमेरिकेत पूर्वी निघालेल्या आवृत्तीत पाण्याचे, पाखरांचे आवाज वरून मिसळले होते. २०२० ची आवृत्ती मूळ मिश्रणाची, म्हणजे नुसती वाद्यं. दोन्ही लावून पाहिल्या. आमच्याकडे ऑगस्टमध्ये पत्र्यावर खरा पाऊस, परसात खरे बेडूक, सकाळी पाव विकणाऱ्या पदेराचा खरा भोंगा. त्यावर ध्वनिमुद्रित झरा लावला की दोन्ही खोटे वाटायला लागतात. मूळ मिश्रणात योशिमुराने जी जागा मोकळी सोडली आहे, तिथे आमचं परसू अलगद बसलं. ‘क्रीक’ सुरू झालं की मला पहिले काही क्षण पागोळ्या कोणत्या आणि कीबोर्ड कोणता हे कळत नसे.

याच अल्बमची एलपी हौसेने मागवली होती. ती वाकून आली, सुई एका कडेला उसळायची. विक्रेत्याने बदलून दिली नाही. तीन महिन्यांत कव्हरवर बुरशीही आली. आपल्या हवेत एलपी घ्यायचीच असेल तर पाऊस संपल्यावर घ्या, उभी ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. मी पुढचं सगळं फाइलच्या रूपातच विकत घेतलं. स्ट्रीमिंग रात्रीला नको म्हणेन. एकदा अल्बम संपला आणि अ‍ॅपने आपणहून भलतंच ढोलकीचं गाणं चालू केलं. पहाटे अडीचला आई दचकून उठली, तो सबंध दिवस तिचा पाय ठणकत होता. स्वयंचलित पुढचं गाणं लावायची सोय आधी बंद करा.

आता ज्याच्याविषयी मला सर्वांत जास्त सांगायचं आहे तो अल्बम. ‘डीप लिसनिंग’, १९८९. पॉलिन ऑलिव्हेरॉस, स्टुअर्ट डेम्पस्टर आणि पनायोटिस हे तिघे संगीतकार ८ ऑक्टोबर १९८८ रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, फोर्ट वर्डन इथल्या जमिनीखालच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरले. टाकी प्रचंड. आत काढलेला आवाज पूर्ण विरायला सुमारे ४५ सेकंद लागतात. अ‍ॅकॉर्डियन, ट्रॉम्बोन, डिजरिडू (ऑस्ट्रेलियातलं लांब लाकडी फुंकवाद्य) आणि गळा हे मुख्य सामान, बाकी काम टाकी करते.

४५ सेकंद म्हणजे किती हे आकडा वाचून समजत नाही. तुम्ही एक सूर लावलात, दोनदा श्वास घेतलात, तरी तो समोर उभाच आहे. चुकीचा लागला तर त्याच्याबरोबर पाऊण मिनिट राहावं लागतं. त्यामुळे हे तिघे घाईने सूर बदलूच शकत नाहीत. आधीचा कुठवर विरला आहे ते ऐकायचं आणि त्याच्याशी पटेल असा पुढचा ठेवायचा. कोण वाजवतंय आणि भिंतीवरून काय परत येतंय, हे थोड्या वेळाने वेगळं करता येत नाही. ‘लिअर’ हा पहिला तुकडा पंचवीस मिनिटांचा आहे. त्यात अ‍ॅकॉर्डियनचा लांब सूर येतो तो मला प्रत्येक वेळी आमच्या भजनातल्या पेटीसारखा लागतो, फक्त पेटीवाला डोंगराच्या पोटात बसला आहे.

आईला हा अल्बम पहिल्या झटक्यात पटला. केरीला घरामागे बांय (विहीर) होती, तिच्या काठावर ओणवं होऊन मुली आत ओरडायच्या. आईच्या मोठ्या बहिणीने त्यातून खेळ काढला होता. एकीने सा लावायचा, तो वर येईपर्यंत दुसरीने पंचम. आजी ओरडायची, विहिरीतल्या पाण्याला नजर लागेल म्हणून. ‘सुइरेन’ नावाचा गळ्यांचा तुकडा लागला तेव्हा आईने हे सगळं सांगितलं. आठ महिन्यांत केरीबद्दल ती इतकं पहिल्यांदाच बोलली. मावशीला जाऊन अकरा वर्षं झाली.

पण हा अल्बम रात्रीचा नाही. फार कमी आवाजात ट्रॉम्बोनचे खालचे सूर छोट्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाहीत आणि अर्धं संगीत गळून जातं. आम्ही तो तिन्हीसांजेला, देवाजवळ दिवा लावून झाल्यावर, थोडा मोठा करून लावायचो. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. मधूनच सुरू केला तर खोली भरायला वेळ मिळत नाही.

चवथीच्या तयारीला चरणजीत सिंगांचं ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. १९८२ चा हा अल्बम तेव्हा खपला नाही, २०१० मध्ये पुन्हा निघाला आणि सगळ्यांनी डोक्यावर घेतला. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या माणसाने रोलंडच्या ज्युपिटर-८ (सिंथेसायझर), टीबी-३०३ (बेस) आणि टीआर-८०८ (ताल) या यंत्रांवर भैरवी, ललित, तोडी, मेघमल्हार वाजवले. शिकागोतलं टीबी-३०३ वरचं अ‍ॅसिड हाउस हे नाचाचं संगीत १९८७ मध्ये बाहेर आलं, त्याच्या पाच वर्षं आधी. गोव्यातल्या हणजूणच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात जो चिरका, वळवळता बेस रात्रभर चालायचा, तो ज्यांनी ऐकला आहे त्यांना इथे तो भूपालीत भेटेल. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधताना, नेवऱ्या करताना घरात उत्साह आला. आईने न सांगता कलावती ओळखला. “राग बरोबर आहे, पण दहाही रागांना एकच ठेका?” असंही म्हणाली. मला तिचं पटतं. चार राग सलग ऐकावेत, दहा नाही. आणि रात्री घुमट, शामेळ, कासाळं ही आमची वाद्यं घेऊन आरतीला पोरं बसली, तेव्हा यंत्राचा ठेका आणि हाताचा ठेका यांतलं अंतर लख्ख ऐकू आलं.

‘द एनआयडी टेप्स’ २०२३ मध्ये आला. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मोग सिंथेसायझर बसवून दिला. १९७२ पर्यंत गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. ती रिळं तिथल्या संग्रहात पडून होती. ब्रिटिश कलाकार पॉल पर्गसने शोधून काढली आणि त्यांतून हा अल्बम केला. आपल्याकडे इतक्या लवकर असं काम होत होतं हे वाचून छाती भरून येते, पण रोज ऐकायला तो अवघड आहे. बरेच तुकडे म्हणजे यंत्राची ओळख करून घेणं. एक बटण फिरवलं, काय होतं ते पाहिलं, पुढचं फिरवलं. आईला ते वर्कशॉप वाटलं. मी मात्र दुपारी वह्या तपासताना तो पुष्कळदा लावला. माथुर यांचं ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’ ऐकताना नव्या यंत्रासमोर बसलेला, हाताला जुनी सवय असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन संगीतकार जॉन केजला हिंदुस्थानी संगीत शिकवत होत्या. संगीत मन शांत करण्यासाठी, त्याला दैवी स्पर्शासाठी मोकळं करण्यासाठी असतं, हा आपल्या गुरूंचा विचार त्यांनीच त्याला सांगितला. भजनाला बसणाऱ्या कोणालाही हे नव्याने सांगावं लागत नाही.

आता जो आम्हाला जमला नाही तो. अमेरिकन संगीतकार विल्यम बासिन्स्कीचं ‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’. १९८० च्या दशकातले टेपचे लूप (तोच तुकडा फिरवत राहणाऱ्या टेपच्या गोल पट्ट्या) २००१ मध्ये संगणकावर उतरवताना टेपवरचा लोहाचा थर सुटत गेला आणि सूर फिरता फिरता झिजत गेला. पहिला तुकडा तासाभराचा आहे. माझ्या अत्यंत आवडत्या कामांपैकी हे एक. आईने वीसेक मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, “हे संपत चाललंय. बंद कर.” मी लगेच बंद केलं. तिने बरोबर ऐकलं होतं, आणि त्या खोलीत ते लावायला नको होतं.

नव्यांपैकी ‘लव्ह इन एक्झाइल’ (२०२३) हा अरूज आफताब, विजय अय्यर आणि शहजाद इस्माइली यांचा अल्बम हिवाळ्यात बरा वाटला. उर्दू शब्द तुरळक, पियानो संथ. पण मागचे दोन तुकडे मला एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात, अजून घर केलेलं नाही.

शेवटी आला आणि सगळ्यांवर मात करून गेला तो अमेरिकन जॅझ वादक अ‍ॅलिस कोल्ट्रेनचा ‘कीर्तन: तुरिया सिंग्ज’. १९८२ मध्ये तिने आपल्या आश्रमातल्या साधकांसाठी ‘तुरिया सिंग्ज’ची कॅसेट काढली, त्यात तंतुवाद्यं आणि सिंथेसायझर होते. २०२१ च्या या अल्बममध्ये तीच गाणी, नुसता तिचा आवाज आणि वुर्लित्झर ऑर्गन. उच्चार परके आहेत, चाली चर्चच्या वळणाच्या, लय अतिशय मंद. शब्द नकोत असं मी जूनमध्ये ठरवलं होतं, त्यामुळे हा लावायला डिसेंबर उजाडला. ‘गोविंद हरी’ सुरू झालं आणि आई ऐकत राहिली. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा ती खालच्या पट्टीत बरोबर म्हणायला लागली, अ‍ॅलिसच्या ओळीच्या थोडी मागे राहून, देवळात मागचे टाळकरी राहतात तशी. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच गात होती. गाणं संपल्यावर म्हणाली, “हिचा गुरू कोण?” मी स्वामी सच्चिदानंदांचं नाव सांगितलं. “बरोबर,” म्हणाली, आणि पुन्हा लावायला सांगितलं.

आता ती काठी घेऊन बाल्कांवापर्यंत (घरापुढच्या व्हरांड्यापर्यंत) जाते, रात्री संगीत लावावं लागत नाही. घरात कोणी अंथरुणावर असेल तर ‘डिस्क्रीट म्युझिक’ आधी घ्या. पावसाळ्यासाठी ‘ग्रीन’, मूळ मिश्रणाचा. आणि ‘डीप लिसनिंग’ मोठ्या स्पीकरवर ऐकण्यासाठी मी पैसे साठवते आहे. मृगाच्या आधी स्पीकर आले तर पहिल्या पावसात ‘लिअर’ लावायचं आम्ही ठरवलं आहे, आणि आई म्हणते, त्या दिवशी बाल्कांवाचं दार उघडं ठेव.