बुलेट जर्नल : सात महिन्यांच्या वापरानंतर, आणि पान क्रमांकांविषयी एक तक्रार

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कचेरीतल्या टेबलावर वही उघडत असताना तिच्यातून सोळा पानांचा एक अख्खा फर्मा (एकात एक घड्या घालून शिवलेला पानांचा जुडगा) सुटून माझ्या मांडीवर पडला. तसे झाले नसते, तर मी हा अनुभव लिहायला बसलेच नसते, कारण तोपर्यंत माझे आणि बुलेट जर्नलचे, म्हणजे कामे, घटना आणि टिपणे छोट्या खुणांनी एकाच वहीत लिहून ठेवण्याच्या पद्धतीचे, बरे चालले होते. मी जानेवारीत सुरुवात केली. वही ऑनलाइन मागवली होती : ए-५ आकार, पाच मिलिमीटर अंतरावरचे ठिपके, १०० जीएसएम कागद, १९२ पाने, किंमत ६४९ रुपये. एका वहीसाठी आयुष्यात मी एवढे पैसे कधी दिले नव्हते, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातला निम्मा राग या आकड्याचा आहे, हे आधीच कबूल करते.

कागदाविषयी तक्रार नाही. शाईच्या पेनाने लिहिले तरी अक्षर पाठीमागे उतरत नाही, ठिपके फिकट आहेत, कडा स्वच्छ आहेत. कव्हर, रबरी पट्टा आणि खुणेची फीत यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

तक्रार आहे ती पान क्रमांकांची. या वहीत ते छापलेलेच नाहीत. रायडर कॅरोल या डिझायनरने २०१३ मध्ये ही पद्धत लोकांसमोर मांडली, तेव्हापासून तिचा सगळा डोलारा अनुक्रमणिकेवर उभा आहे. मजकूर हवा तिथे, हवा तेव्हा लिहावा, आणि कोणता विषय कोणत्या पानावर आहे एवढे पुढच्या अनुक्रमणिकेत टिपून ठेवावे. पानांना क्रमांक नसतील तर अनुक्रमणिकेत लिहायचे काय? लॉइशटुर्म १९१७ ही जर्मन वही क्रमांक छापून देते आणि अनुक्रमणिकेसाठी कोरी पानेही सोडते. ती मला परवडली नाही, हा माझा दोष. पण ‘बुलेट जर्नलिंगसाठी खास’ असे वेष्टणावर लिहून बिनक्रमांकाची वही विकणे म्हणजे दांड्याशिवाय छत्री विकण्यासारखे आहे, असे माझे तेव्हा मत होते आणि आजही आहे.

म्हणून पहिल्या रविवारी बसून सगळी पाने हाताने क्रमांकित केली. शेवटच्या पानावर आकडा आला १९०. पुन्हा मोजण्याइतका धीर उरला नव्हता, आणि दोन पाने कमी दिल्याची चीड एवढी होती, की मी विक्रेत्याला लगेच पत्र पाठवले. त्यांनी पाने यंत्राने मोजली जातात, असे नम्रपणे कळवले. मी दुसरे पत्र पाठवले. ते नम्र नव्हते. पुढे मे महिन्यात रोजच्या नोंदी करत पान ८७ वर पोहोचले, तेव्हा ते पान बोटांना जरा जाड लागले. खालच्या कोपऱ्यात कापणीच्या वेळी दोन कागद एकमेकांना चिकटून राहिले होते. नखाने सोडवले, तर ८७ आणि ८८ यांच्या मध्ये दोन कोरी पाने निघाली. मी लेखा विभागात नोकरी करते, त्यामुळे पुढचे सगळे क्रमांक खोडून नवीन घालण्याचा विचारही मनात आला नाही. त्या पानांना ८७अ आणि ८७आ असे नाव दिले आणि पुढे गेले. माफीचे पत्र मात्र पाठवले नाही.

आता पद्धतीबद्दल. बहुतेकांचे होते तेच माझेही झाले : जानेवारीत पट्टी घेऊन ३१ रकान्यांचा सवयींचा तक्ता आखला, पाण्याचे पेले, चालणे, झोप, वाचन यांसाठी चार रंगांची पेने घेतली, आणि नऊ तारखेनंतर तो तक्ता कोरा राहिला. इंटरनेटवर दिसणारी वेलबुट्टी पाहून ज्यांनी ही गोष्ट सोडून दिली आहे, त्यांना एवढेच सांगते की कॅरोलच्या मूळ पद्धतीत चित्रकला कुठेही नाही. कामासाठी ठिपका, घटनेसाठी पोकळ गोल, टिपणासाठी आडवी रेघ. काम झाले की फुली, पुढच्या महिन्यात ढकलले की उजवीकडे टोक असलेला बाण, दूरच्या तारखेवर टाकले की डावीकडे टोक असलेला. फेब्रुवारीपासून मी एवढेच वापरते, आणि रंगीत पेने भाच्याला दिली आहेत.

मार्चमध्ये लक्षात आले की हे सगळे मला आधीपासून येत होते. आपल्याकडे कीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, प्रत्येक नोंदीसमोर ‘खा. पा.’ (खाते पान) असा एक अरुंद रकाना असतो. ती रक्कम खतावणीच्या, म्हणजे खात्यांच्या वहीच्या, कोणत्या पानावर नेली, तो आकडा त्यात लिहितात, म्हणजे कीर्द वाचणारा थेट त्या पानावर जातो. बुलेट जर्नलमध्ये एखादा विषय एका पानावर संपला नाही आणि पुढे भलत्याच पानावर चालू झाला, तर पानाच्या क्रमांकाशेजारी त्या दुसऱ्या पानाचा क्रमांक टाकतात. यात फरक तो काय? कामे पुढच्या महिन्यात उतरवणे म्हणजे शिल्लक पुढे ओढणे. महिनाअखेर जी बाकी उरते ती हाताने पुन्हा लिहावी लागते, आणि फोनमधल्या यादीत ती आपोआप पुढे सरकत असल्यामुळे डोळ्यांना कधीच टोचत नाही.

माझ्या बाबतीत ती बाकी होती ‘बाबांच्या नावावरचे वीजमीटर आपल्या नावावर करणे’. बाबांना जाऊन तीन वर्षे झाली आहेत. फोनमधल्या यादीत हे वाक्य तीन वर्षे निमूटपणे पडून होते. वहीत ते जानेवारीत लिहिले आणि मग फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे असे चार वेळा उतरवले. दरवेळी ते थोडे छोटे होत गेले. मे महिन्यात तर फक्त ‘बाबा-मीटर’ एवढेच लिहिले आणि त्या दोन शब्दांकडे बराच वेळ पाहत बसले. जूनच्या पहिल्या शनिवारी अर्ज भरला. अर्ज भरायला पाऊण तास लागला. आईच्या हयातीच्या दाखल्याची नोव्हेंबरमधली नोंद, गाडीचे पीयूसी, विम्याचा हप्ता या गोष्टी वही कितीही साधी असली तरी भविष्यातील नोंदींच्या पानावर नीट बसतात, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आणि मग तो फर्मा सुटला. पाने ६५ ते ८०, म्हणजे माझा बराचसा एप्रिल. दोरा तुटल्यामुळे चारही घड्या वेगळ्या होऊन जमिनीवर पसरल्या. ज्यांनी वही उसवलेली पाहिली नसेल त्यांना कल्पना येणार नाही, की पान ६५ आणि पान ८० एकाच कागदाची दोन टोके असतात, आणि सुटे झाल्यावर एप्रिलचा पहिला आठवडा शेवटच्या आठवड्याला चिकटलेला दिसतो. मी हाताने घातलेल्या क्रमांकांमुळे दोन मिनिटांत सगळे पुन्हा लागले. पान क्रमांक छापलेले नव्हते म्हणून जे कष्ट घेतले, त्यांचे चीज असे झाले; त्यामुळे विक्रेत्याचा गुन्हा कमी होतो असे मात्र मी मानत नाही.

विक्रेत्याला छायाचित्रांसह तक्रार पाठवली. आधीच्या दोन पत्रांमुळे असेल, या वेळी उत्तर कोरडे होते. पार्सल उघडतानाची चित्रफीत मागितली. सहा महिने वापरलेल्या वहीच्या तक्रारीसाठी जानेवारीतल्या पार्सलची चित्रफीत कोण जपून ठेवतो, असे विचारल्यावर पुढच्या खरेदीवर वीस टक्के सूट देऊ केली. ती मी घेतलेली नाही.

आमच्या कचेरीची व्हाउचर दरवर्षी बांधणारे एक वृद्ध बाइंडर आहेत. त्यांनी वही उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, “ताई, हा कपडे शिवायचा धागा आहे, वहीचा नाही. वर नुसता सरस चोपडलाय. केवढ्याला घेतलीत?” मी दोनशे सांगितले. खरी किंमत सांगायची लाज वाटली. त्यांनी दोन दिवसांत सगळेच फर्मे उसवून नव्याने शिवले, पाठीला कापड लावले आणि सत्तर रुपये घेतले. आता ही वही टेबलावर ठेवली की सपाट उघडते. नवी असताना ती तशी उघडत नव्हती.

वही याच महिन्यात संपेल. पुढच्या वहीसाठी आठ-दहा ठिकाणी किमती पाहून झाल्यावर, कचेरीला स्टेशनरी पुरवणाऱ्या दुकानात सहज विचारले, तर दुकानदाराने मागच्या फळीवरून लाल कापडी पाठीचे एक लेजर काढून दिले. प्रत्येक पानावर छापील क्रमांक, सुरुवातीला अनुक्रमणिका, शिलाई पक्की, किंमत एकशे ऐंशी रुपये. वीस वर्षे अशीच लेजरे रोज हाताळणारी मी सहाशे एकोणपन्नास रुपये देऊन बसले होते, हे घरी अजून सांगितलेले नाही. आकार मोठा असल्यामुळे ते पर्समध्ये मावत नाही, आणि ठिपक्यांऐवजी जमा-नावेचे रकाने आहेत, हे तोटे खरे आहेत. पण पानाचा आकडा लिहायचा रकाना आयताच मिळाला आहे, आणि काम पुढच्या महिन्यात ढकलले की ते कोणत्या पानावर गेले, तो आकडा मी आता तिथेच लिहिणार आहे.