इनडोअर क्रीडा संकुल, काही महिन्यांच्या वापरानंतर: फ्लोअरकडे कुणी बघणार आहे का?

भिंतीलगतच्या पट्ट्या उचलल्या गेल्या आणि कडेचं बॅडमिंटन कोर्ट बंद झालं. दुरुस्ती अजून सुरू नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय. कोर्टांची संख्या, बुकिंगच्या वेळा सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यात शिरत नाही.

या हॉलचं फ्लोअर स्प्रंग, म्हणजे किंचित लवचिक आहे: वर लाकडी पट्ट्या, खाली बॅटन (आधाराच्या लाकडी फळ्या), त्याखाली रबरी पॅड. उडीचा धक्का ही रचनाच शोषते. दमट हवेत लाकूड रुंदीच्या बाजूने फुगतं, म्हणून भिंतीलगत दीड-दोन इंचांची फट मोकळी सोडतात. इथे कचरा अडकतो म्हणून ती सिलिकॉनने बुजवली. फुगायला जागा उरली नाही की पट्ट्या वर येणारच!

त्यात सफाई निथळत्या मॉपने. पाणी सांध्यांत मुरतं, पट्टीच्या कडा उचलल्या जातात आणि मधला भाग खोलगट होतो. अशा वेळी घाईने सँडिंग (मशीनने लाकूड घासून सपाट करणं) केलं तर नुकसान दुप्पट, कारण लाकूड वाळल्यावर कडा खाली बसतात आणि मधे उंचवटा राहतो. आधी मॉइश्चर मीटरने ओलावा तपासा, लाकूड पूर्ण वाळू द्या, मग मशीन लावा. रोजच्या सफाईला कोरडा मायक्रोफायबर मॉप पुरतो; घाम सांडला की तिथल्या तिथे पुसायचा. पाण्याचा कूलर मात्र कोर्टाच्या दारातच आहे. ओले बूट थेट लाकडावर येतात. तो हलवायला काय अडचण आहे?

लाकडावर अंथरलेले सिंथेटिक मॅट सुरुवातीला फार आवडले होते, पकड उत्तम. आता मत बदललंय. ते कायम अंथरलेलेच राहतात, खाली ओलावा कोंडतो. खेळ संपला की गुंडाळून ठेवायला हवेत.

बास्केटबॉलवाल्यांनी डेड स्पॉट, म्हणजे बॉल नीट उसळत नाही अशा जागा, जरूर तपासाव्यात. तोच बॉल, तीच हवा, तीच उंची; आधी काँक्रीटवर सोडा, मग फ्लोअरवर. इनडोअर क्रीडा फ्लोअरच्या ईएन १४९०४ या युरोपीय मानकाप्रमाणे फ्लोअरवरची उसळी काँक्रीटच्या किमान ९० टक्के हवी. बास्केटखालच्या पट्ट्यात एका ठिकाणी बॉल स्पष्ट मरतो आणि आवाजही पोकळ येतो; तिथे खालचा आधार सैल झाला असावा.

दिवे मात्र मनापासून आवडले. कोर्टाच्या डोक्यावर न लावता दोन्ही बाजूंना रांगेत लावलेत, त्यामुळे उंच शटल बघताना डोळे दिपत नाहीत. एसीचा झोत बेसलाइनवर येतो, बॅडमिंटनच्या वेळी तो बंद करायला सांगा. नेट मधे १.५२४ मीटर आहे का तेही बघा, सरकते खांब आत झुकतात.

तक्रारीला उत्तर मिळालं की पट्ट्या खिळ्यांनी ठोकून बसवू. कृपया तसं करू नका. सिलिकॉन कापून फट मोकळी करा, वर हवा खेळती ठेवणारी स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) बसवा, फुगलेल्या पट्ट्या काढून लाकूड वाळवा, मगच नव्या पट्ट्या घाला. तोवर बुकिंग करताना मधली कोर्ट घ्या.