शेतातल्या सेन्सरसाठी सिम्युलेटर: एनएस-३ की ओमनेट++?

समजा, जालन्याकडच्या मोसंबीच्या बागेत ओलावा मोजणारे २०० सेन्सर बसवायचे आहेत आणि सगळ्यांचा डेटा लोरावॅनवरून (कमी विजेत लांबवर थोडा डेटा पाठवणारं, लोरा नावाच्या रेडिओवर चालणारं जाळं) शेतातल्या आखाड्यावरच्या एका गेटवेपर्यंत, म्हणजे सगळ्यांचा डेटा गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत, आणायचा आहे. एवढे नोड (सेन्सर आणि रेडिओ असलेली उपकरणं) विकत घेऊन प्रोटोकॉल, म्हणजे डेटा पाठवायचे नियम, तपासणं विद्यार्थ्याच्या खिशाला झेपत नाही, म्हणून सिम्युलेशन: सगळं जाळं संगणकावरच चालवून बघायचं. त्यासाठीची दोन सॉफ्टवेअर म्हणजे एनएस-३ आणि ओमनेट++.

शिकायला ओमनेट सोपा. विंडोजवर सरळ बसतो, पॅकेट पडद्यावर सरकताना दिसतं, टक्कर कुठं झाली ते डोळ्यांनी कळतं. लोरासाठी फ्लोरा नावाची चौकट तयार आहे. अभ्यासासाठी फुकट, पण पुढे धंद्यात वापरायचा तर परवाना घ्यावा लागतो. एनएस-३ पूर्ण मुक्त आहे, लोरावॅनचं मॉड्यूल त्यालाही वेगळं जोडता येतं. मात्र सी++ची भीती असेल तर पहिले पंधरा दिवस जड जातात. विंडोजवाल्यांना बहुधा आधी आत लिनक्स उभं करणंच सोयीचं पडतं.

खरी ठेच पुढे लागते. एनएस-३ तोच प्रोग्रॅम दहा वेळा चालवला तरी दहाही वेळा तेच आकडे देतो, कारण यादृच्छिक आकडे कुठले निघणार हे ठरवणारा रन क्रमांक आपण बदलल्याशिवाय बदलत नाही. पोरं त्यालाच ‘प्रोटोकॉल स्थिर आहे’ समजतात, आणि माझा जीव तुटतो! ओमनेटमध्ये ‘रिपीट’ ३० लिहिलं की प्रत्येक फेरीला बीज (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात) आपोआप वेगळं.

दुसरी ठेच लहरींची. एनएस-३च्या लॉग-डिस्टन्स मॉडेलमध्ये (अंतरानुसार सिग्नल किती कमी होतो ते काढणारं सूत्र) १ मीटरवरची सिग्नलची घट आधीच ४६.६८ डेसिबल भरलेली असते. ती ५ गिगाहर्ट्झच्या वायफायची. आपला लोरा चालतो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर, तिथं मोकळ्या जागेत ही घट साधारण ३१. आकडा तसाच ठेवला तर सिग्नलचा पल्ला खऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच दिसतो आणि गरज नसलेला दुसरा गेटवे बजेटमध्ये येऊन बसतो.

हातात दोनच महिने असतील तर ओमनेट घ्या. एमटेक किंवा पीएचडी असेल, हजारो नोडपर्यंत जायचं असेल, तर एनएस-३. माझं मत तिकडेच झुकतं. नोडमधला काँटिकीचा (छोट्या उपकरणांची ऑपरेटिंग सिस्टीम) कोडच तपासायचा असेल तर दोन्ही सोडा, तिचाच सिम्युलेटर कूजा बघा.

पण आधी दोन नोड घेऊन बागेत जा. १०, ५०, १०० मीटरवर सिग्नल मोजा, पाऊस पडून पानं ओली झाल्यावर पुन्हा मोजा, आणि तेच आकडे मॉडेलमध्ये भरा.