रापणीची आठवण: भिंतीवर की पडद्यावर?
मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून मोठं जाळं ओढत करायच्या मासेमारीचा, इतिहास मांडायचा, तर भिंतचित्र करावं की आवाज-फोटोंचा पडदा?

भिंत जाता-येता सगळ्यांना दिसते, रंगवायला पोरंटोरंही येतात. पण चार महिन्यांचा पाऊस आणि खारा वारा रंग टिकू देत नाही. शिवाय चित्र मुकं. दोर ओढतानाची आरोळी, ‘बांगडो गावलो रे!’ म्हणतानाचा हेल त्यात कुठून येणार? पडद्याला वीज, प्रोजेक्टर, देखरेख लागते, हे खरं. तरी माझं मत आवाजालाच. आधी म्हाताऱ्यांचं बोलणं टिपून घ्या. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर कलाकार चित्रकथीचं एकेक चित्र दाखवत वीणा-हुडुकच्या साथीने कथा गातात. तसंच जुन्या फोटोंवर आजीचा आवाज चालवावा, वाळूतच, जाळं सुकवतात तिथे.