बोन इव्हेरचा ‘फॉर एमा, फॉरेव्हर अगो’: काही महिने ऐकल्यावर

हा अल्बम कोणी सुचवला की सोबत केबिनची गोष्ट फुकट मिळते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअरचा जस्टिन व्हर्नन, बोन इव्हेर हे त्याने संगीतासाठी घेतलेलं नाव. बँड मोडला, प्रेम मोडलं, वर आजारपण. मग २००६ च्या हिवाळ्यात तो वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये एकटाच जाऊन राहिला आणि तीनेक महिन्यांनी अल्बम घेऊन बाहेर पडला. माझ्याही गळ्यात हा अल्बम असाच मारला गेला. पावसाळ्याच्या तोंडाशी ऐकायला घेतला, आता थंडी पडलीय आणि अजून फोनमधून काढलेला नाही. म्हणजे आता लिहायला हरकत नाही.

सुरुवातीला त्रास होतो, हे आधीच सांगतो. गाणी नऊच, सगळं मिळून ३७ मिनिटं, पण आवाज जवळजवळ सतत फॉल्सेटोत, म्हणजे नेहमीच्या पट्टीच्या वरच्या बारीक गळ्यात, आणि शब्द धड कळत नाहीत. छापील गीतं समोर घेऊन बसलो तरी फार उजेड पडला नाही. त्याचं कारण गाणी बनवण्याच्या पद्धतीत आहे. व्हर्ननने चाली आधी निरर्थक अक्षरांवर गाऊन रेकॉर्ड केल्या आणि मग तेच पुन्हापुन्हा ऐकून त्या ध्वनींच्या जवळ जाणारे शब्द बसवले. आपल्याकडे संगीतकार चालीवर डमी शब्द टाकून गीतकाराच्या हातात देतो, तोच प्रकार. फक्त इथे डमीही त्याचेच आणि गीतकारही तोच. हे कळल्यावर मी अर्थाच्या मागे लागणं सोडलं, आणि तिथून अल्बम लागू पडायला लागला.

सामान अगदी साधं. शुअरचा एसएम ५७ माईक, जो आपल्या कुठल्याही ऑर्केस्ट्रावाल्याच्या पेटीत सापडेल. एक जुना मॅक कॉम्प्युटर, एक जुनी सिल्व्हरटोन गिटार, थोडे ड्रम. खरी करामत आवाजाची आहे. एकच माणूस स्वतःवर स्वतःचे आवाज चढवत जातो. ‘द वुल्व्ज’ हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला गिटार अगदी जपून वाजते, मग एकच ओळ फिरून फिरून येते आणि दर फेरीला तिच्यात आणखी आवाज मिसळतात, काही वर, काही खाली, एखादा किंचित मागे पडलेला. शेवटाकडे ठोक्यांचा असा गोंधळ होतो की हेडफोन बिघडलाय की काय असं वाटावं, आणि मग सगळं ओसरतं. हे आवाज एकमेकांवर घासूनपुसून बसवलेले नाहीत. कडा सुटलेल्या आहेत, म्हणूनच ती माणसांची गर्दी वाटते.

आता त्या केबिनच्या गोष्टीबद्दल. खोटी नाही ती, पण अर्धी आहे. व्हर्नन त्याआधी डेयार्मंड एडिसन या बँडबरोबर नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेला राहत होता आणि फॉल्सेटोचे प्रयोग तिथेच सुरू झाले होते. बँड फुटल्यावर बाकीच्यांनी ‘मेगाफॉन’ नावाचा नवा बँड काढला, तेही चांगले वाजवणारे लोक. ‘फॉर एमा’ या गाण्यातली ट्रम्पेट-ट्रॉम्बोन दुसऱ्यांनी वाजवलीत. म्हणजे बर्फात बसून अचानक साक्षात्कार झाला असं काही नाही, आधीची काही वर्षांची मेहनत तिथे एका जागी आली. पण मेहनतीची बातमी होत नाही, केबिनची होते.

आणि बातमी झालीच. २००७ च्या जुलैमध्ये त्याने स्वतःच ५०० प्रती काढल्या. संगीतावर लिहिणाऱ्या ब्लॉगवाल्यांनी उचलून धरलं, ऑक्टोबरात पिचफोर्क या संगीताच्या वेबसाइटवर कौतुकाचा रिव्ह्यू आला, २००८ च्या फेब्रुवारीत जॅगजॅगवार या रेकॉर्ड कंपनीने तो अमेरिकेत रीतसर प्रकाशित केला आणि मे महिन्यात फोरएडी या दुसऱ्या कंपनीने युरोपात. पंचाईत ही की एकट्याने केलेली गाणी स्टेजवर एकट्याने होत नाहीत. शॉन केअरी नावाच्या ड्रमरने नेटवर ऐकून ऐकून ड्रम आणि वरचे सूर घरीच बसवले आणि थेट जाऊन सांगितलं, मला वाजवता येतं. त्याला लगेच घेतलं. सुरुवातीच्या कार्यक्रमांत ‘द वुल्व्ज’ची ती ओळ गायला प्रेक्षकांनाच लावायचे, कारण तेवढे गळे आणायचे कुठून? पुढे २०११ मध्ये बर्डी नावाच्या इंग्लिश मुलीने पियानोवर गायलेलं ‘स्किनी लव्ह’ अनेकांपर्यंत मूळ गाण्याच्या आधी पोचलं. मला ते जरा जास्तच गोड वाटतं. मूळ गाण्यात गिटारच्या तारा नेहमीच्या सुरांत लावलेल्या नाहीत, त्यामुळे हात जोरात पडला की अख्खी गिटार घुमते, आणि आवाज वर जाताना चिरतो. ते चिरणं पियानोत हरवलं की गाण्यातला संतापच निघून जातो.

रोजच्या वापराचं म्हणाल तर फोनच्या स्पीकरवर याचा काही उपयोग नाही. गाडीतही नाही, हळू जागा ट्रॅफिक खाऊन टाकतं आणि आवाज वाढवला की पुढचा भाग अंगावर येतो. रात्री, साधे तारवाले हेडफोन, मध्यम आवाज. ‘ब्लाइंडसाइडेड’ मला अजूनही लांबलेलं वाटतं, दोन मिनिटं आधी संपलं असतं तर बिघडलं नसतं. ‘री: स्टॅक्स’ मात्र लांब असूनही लांबत नाही. एवढे थर रचून झाल्यावर शेवटी एक गिटार, एक आवाज, बस.

एलपीच्या भानगडीत पडायचं तर दुकानात जाऊन, तबकडी कव्हरातून काढून, डोळ्यासमोर आडवी धरून बघून घ्या. मी घरबसल्या मागवलेली वाकडी निघाली आणि परत घ्यायला दुकानदाराने चार फोन करायला लावले. फोनवरच ऐकणार असाल तर शफल बंद ठेवा. ‘क्रिएचर फिअर’ थेट ‘टीम’मध्ये जातं, आणि ‘टीम’ एकटं वाजलं तर ते या अल्बममध्ये का आहे तेच कळत नाही.