बारा मीटर की नऊ? ट्विन-टिप की फॉइल?

काईटसर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काईटच्या) ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून धावणं; त्याचं सामान निवडताना हे प्रश्न पडतात. वाशी-ऐरोलीच्या खिडकीतून खाडी दिसते, पण काईट तिथे लावायचा नसतो. ओहोटीला चिखल, कडेने खारफुटी, शिवाय खाडीचा मोठा पट्टा २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य. नवी मुंबईकराच्या वाट्याला येतात ते पेण-वडखळमार्गे अलिबागकडचे किनारे, नाहीतर सुट्टी टाकून रामेश्वरम. वर्षातले जास्त दिवस यांतल्या कुठे जाणार, ते आधी ठरवा, सामान त्यावरून.

अलिबागकडे उन्हाळ्यात दुपारी खारे वारे सुटतात, पण ते बरेचदा १०-१५ नॉटच्या आसपास रेंगाळतात (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी). रामेश्वरमला हंगामात वारा जास्त जोरकस आणि सलग. वजन ७५ किलो धरलं, तर १५-१८ नॉटला १२ चौरस मीटरचा काईट आणि २०-२५ला ९चा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: १२ नॉटचा वारा १८ नॉटचा झाला की ओढ सव्वादोन पट. म्हणून ‘एकच काईट सगळीकडे’ हा हिशेब फसतो. पहिला १२चा घ्या, ९चा नंतर.

आकारात डेल्टा (मागे झुकलेल्या टोकांचा) किंवा हायब्रिड (मधला प्रकार) विरुद्ध सी (इंग्रजी C सारखा वळलेला). डेल्टा पाण्यात पडला तरी बारची (काईटच्या दोऱ्या जोडलेल्या, हातात धरायच्या दांड्याची) एक बाजू ओढली की सहसा परत उठतो, आणि बार पुढे सोडला की ओढ चटकन कमी होते. सी-काईट दोन्हींत हट्टी. त्याचा फायदा बार कमरेच्या पट्ट्याच्या हूकातून सोडवून करामती करणाऱ्यालाच, कारण उडीच्या मधोमध त्याच्या दोऱ्या सैल पडतात आणि बार पाठीमागून हातबदल करता येतो. उंच, तरंगती उडी हवी असेल तर सी घेऊ नका; दुकानात कितीही देखणा दिसला तरी.

खरा पेच बोर्डाचा. ट्विन-टिप (दोन्ही टोकं सारखी असलेला बोर्ड, साधारण १३८ × ४१ सेंमी) शिकायला सोपा, दोन्ही दिशांना चालतो आणि उथळ पाण्यात निर्धास्त. पण १२ नॉटखाली तो बुडत राहतो. तिथे १५० सेंमीच्या पुढचा रुंद बोर्ड लागतो, आणि तो उड्यांना जड. हायड्रोफॉइल, म्हणजे खाली दांड्याच्या (मास्टच्या) टोकाला पंख असलेला, पाण्यावर उचलला जाणारा बोर्ड, त्याच १०-१२ नॉटमध्ये मजेत धावतो. फक्त मास्ट ७०-९० सेंमीचा, म्हणजे छातीभर पाणी हवं. ओहोटीला वाळूच्या दांड्यावर पंख आपटला की स्वार थेट तोंडावर. रामेश्वरमच्या उथळ पाण्यातही हाच धोका. अलिबागलाच जाणार असाल आणि भरतीचं वेळापत्रक पाळणार असाल, तर दुसरी खरेदी ९चा काईट नव्हे, फॉइल.

लाटांसाठीचा वेगळा सर्फबोर्ड सध्या सोडून द्या.

हार्नेस (काईटची ओढ अंगावर घेणारा पट्टा): कमरेचा वर सरकून बरगड्यांना काचत असेल, तर मांड्यांना पट्टे असलेला सीट हार्नेस बरा.

जुनं सामान घेताना काईट फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडला तर ब्लॅडर (आतली हवेची पिशवी) किंवा व्हॉल्व गळतोय. मग चारही दोऱ्या एका खांबाला बांधून बार ओढा. जास्त भार पुढच्या दोघींवर असतो, त्यामुळे त्या ताणून लांबतात, मागच्या दोघी त्यांच्यापेक्षा आखूड ठरतात आणि काईट मागे कोसळू लागतो. फरक थोडा असेल तर गाठी बदलून जुळवता येतो. जास्त असेल तर नव्या दोऱ्यांचे पैसे किमतीतून कापून मागा.