ब्लू नोटचा संग्रह: क्रमांकाने ऐकावा की साथीदारांच्या मागाने?

ब्लू नोट या अमेरिकन जाझ ध्वनिमुद्रिका-कंपनीच्या १५०० आणि ४००० या क्रमांकांच्या दोन मालिका नव्याने ऐकायला घेणाऱ्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक म्हणजे क्रमांकांच्या ओळीने पुढे जाणे. दुसरी म्हणजे आवडलेल्या एका ध्वनिमुद्रिकेवरील साथीदाराचे नाव धरून त्याने वाजवलेल्या पुढच्या ध्वनिमुद्रिकेकडे वळणे. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे.

क्रमांकांच्या वाटेवर काही सुखद शेजार भेटतात. ४०४० हा ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्डचा आणि ४०४१ हा सॅक्सोफोनवादक टीना ब्रुक्सचा; दोन्ही ध्वनिमुद्रणे जून १९६० मध्ये एका आठवड्याच्या आत झाली आणि दोघेही एकमेकांच्या तबकडीवर वाजवतात. १५१९ वर भेटणारा पियानोवादक हर्बी निकल्स तर ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या मागे लागलेल्याला कदाचित कधीच भेटणार नाही, कारण येथे तो केवळ बेस आणि ड्रम्स घेऊन वाजवतो.

मात्र हा क्रम ध्वनिमुद्रणाचा नव्हे. १५०० मालिकेचे आरंभीचे अनेक क्रमांक जुन्या दहा इंची तबकड्यांतील संगीत बारा इंचीवर आणण्यात खर्ची पडले आहेत. त्यामुळे १५१० वर पियानोवादक थेलोनियस मंकसोबत आपण एकदम १९४७ मध्ये मागे जातो. हेही चालले असते. माझा धीर सुटला तो जिमी स्मिथच्या ऑर्गनपाशी. फेब्रुवारी १९५७ मधील तीन दिवसांच्या ध्वनिमुद्रणातून त्याच्या पाच तबकड्या निघाल्या, त्यांपैकी चार १५४७, १५४८, १५५१ आणि १५५२ अशा जवळजवळ लागून येतात, आणि त्याआधीही १५१२ पासून तो वरचेवर भेटतच असतो. वादक थोर आहे, दोष क्रमाचा आहे. पण कानाला एकाच वाद्याचा असा सलग मारा झाला की पुढचा क्रमांक कर्तव्य म्हणून ऐकला जातो, आणि नव्या श्रोत्याचे याहून मोठे नुकसान नसावे.

साथीदारांच्या वाटेवर हा कंटाळा मला सहसा आला नाही. हबर्डचाच ट्रम्पेट धरला, तर १९६४ मधील एरिक डॉल्फीच्या ४१६३ वर तो तुटक, अनपेक्षित वळणे घेणाऱ्या रचनांत ऐकू येतो. वेन शॉर्टरच्या ४१९४ वर त्याला गूढ, सावकाश उलगडणाऱ्या चाली मिळतात. हर्बी हॅन्कॉकच्या ४१९५ वर तोच वादक मोकळ्या अवकाशात वाजवतो. वादक तोच राहिल्यामुळे रचनाकार बदलल्याने नेमके काय बदलते, हे सिद्धान्त न शिकता कळू लागते. या वाटेची अडचण अशी की ऐकण्याच्या ॲपवर साथीदारांची नावे पुष्कळदा दिसत नाहीत, ती मागील मुखपृष्ठाच्या छायाचित्रावरून वाचावी लागतात. शिवाय काही काळाने त्याच त्या मंडळींत फिरल्यासारखे वाटू शकते.

ज्याला कालक्रमाची मनापासून आवड आहे, त्याला माझे म्हणणे पटेलच असे नाही. तरीही सुरुवात ४१९५ पासून करावी असे सुचवेन. ट्रम्पेट मनात राहिला तर ४१६३ कडे जावे, टोनी विल्यम्सचे ड्रम्स राहिले तरीही तिकडेच; आणि रॉन कार्टरचा बेस राहिला तर अगदी शेजारच्या ४१९४ कडे वळावे.